घरची बंदूक

माझे चुलते रखमाजी जालन्यात मस्तगडला एका बंदुकीच्या दुकानात कामाला होते. विकायचं काम त्यांचं नव्हतं. गिऱ्हाईक, परवाने, कचेरीतली ये-जा हे सगळं मालक अण्णासाहेब बघायचे. काकांकडे एकच काम होतं. कारखान्यातून नवीन आलेली बंदूक माणसाच्या हातात द्यायजोगी आहे का, ते बघायचं.

जालना जिल्हा वेगळा झाला त्या साली मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आले. आमचं गाव जाफराबादकडचं. माझे वडील शेती बघायचे, आणि काका धाकटे म्हणून शहरात गेले होते. तेव्हा रानात रोही आणि डुकरं फार झाली होती. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं करून ठेवायचा. लोक पीकराखणीचा परवाना काढायचे आणि ठासणीची बंदूक घ्यायचे. तोंडाकडून दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. जनावर मरो न मरो, आवाजाने कळप पळायचा.

या बंदुका उत्तरेकडून लाकडी पेट्यांत यायच्या. वरून सगळ्या सारख्या, तेल लावलेल्या, चकचकीत. दुकानात पूर्वी एक म्हातारे उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली काका शिकले. उस्ताद म्हणायचे, "रखमा, बंदूक का मुँह तो सब देखते. तू उसकी पीठ देख." पीठ म्हणजे नळीचं बूड. दारू पेटते ती तिथेच, आणि सगळा दाब तिथेच येतो. तिथे लोखंडात बारीकशी फट असली, किंवा बुडाचा पेच ढिला बसला असला, तर बंदूक पुढे मारण्याऐवजी धरणाऱ्यालाच मारते.

काकांची पद्धत ठरलेली होती. आधी लाकडी दस्ता सोडून नळी उघडी करायची. मग नळीत रॉकेल भरून ती टांगून ठेवायची, आणि बाहेरून खडूची भुकटी चोळायची. फट असली की तिथली भुकटी ओली होऊन काळसर रेघ दिसते. घोडा अर्ध्यावर चढवून चाप ओढून बघायचा. तेव्हा घोडा पडला, तर ती बंदूक बाद. एवढं झालं की बंदूक गावाबाहेरच्या खदानीत न्यायची, बाभळीच्या ओंडक्याला बांधायची, शेतकरी भरतो त्याहून थोडी जास्त दारू भरायची आणि दूर दगडाआड बसून सुतळीने चाप ओढायचा. बार झाला की दस्ता पुन्हा सोडायचा. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. हे दुसऱ्यांदा बघणं ते कधीच चुकवत नव्हते. "पहिल्यांदा कारखान्याची चूक दिसते," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा आपली."

बाद झालेली बंदूक अण्णासाहेब कुरकुरत परत पाठवायचे. पण पाठवायचे. रखमाजीने पास केलेली बंदूक फुटत नाही, हे भोकरदन-जाफराबादपर्यंत माहीत झालं होतं. दुकान त्यावरच चालायचं.

काकांना एकच मुलगी, कौसल्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एका गोधडीत झोपलो, एका कंगव्याने केस विंचरले. तिचा बापावर फार जीव. संध्याकाळी काका आले की हातपाय धुवायला पाणी तीच द्यायची. त्यांच्या हातांना बंदुकीच्या दारूचा वास यायचा, केशरकाकू नाक मुरडायची. कौसल्या म्हणायची, "दादाचा वासच हाये तो."

शहाऐंशी साली तिला टेंभुर्णीला दिली. तातेरावांचा मुलगा भुजंग. त्यांची मोसंबीची बाग होती, पण भुजंगचं नाव बागेमुळे नव्हतं. तो रोपांवर डोळे भरायचा. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूच्या टोकाने उकलायची, चांगल्या मोसंबीच्या फांदीचा डोळा त्यात अलगद बसवायचा आणि बांधून टाकायचा. डाव्या हाताने रोप सांभाळायचं, उजव्याने चाकू चालवायचा. त्याने भरलेला डोळा सहसा वाया जायचा नाही. थंडीत त्याला लांबलांबच्या गावांहून बोलावणी यायची. हसरा माणूस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चाकू देऊन म्हणाला होता, "बेबीनंदा, शिक. न्हाईतर कॉलेजात जाऊन नुसती मोसंबी खायलाच शिकशील."

कौसल्येला मुलगी झाली, दुर्गा. त्या वर्षी टेंभुर्णीच्या नदीकाठच्या रानात डुकरांनी उच्छाद मांडला. भुजंगने परवाना काढला. तो बंदूक दुसरीकडून कशाला घेईल?

काकांनी आलेल्या पेटीतून त्याच्यासाठी एक निवडली. रॉकेल झालं, खडू झाला, खदानीतला बार झाला, दुसऱ्यांदा रॉकेल-खडू झाला. बंदूक बिलकुल बरोबर होती. कापडात गुंडाळून त्यांनी ती वेगळी ठेवली.

ज्या दिवशी भुजंग न्यायला आला, त्या दिवशी मी घरीच होते. दोघं जेवायला बसले होते. काकूने पुरणपोळी केली होती. भुजंग म्हणाला, "मामा, मंग दुकानावर जाऊन घेऊन टाकू. दुपारची जीप हाये जाफराबादची."

काका जेवता जेवता थांबले. म्हणाले, "घरची हाये. अजून एक बार काढून बघू."

"आता काय बघायचं? तुम्ही बघितली ना."

"बघितली. पर घरची हाये."

खदानीत त्यांनी नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरली, असं भुजंगने नंतर सांगितलं. बार इतका मोठा झाला, की वरच्या बाभळीतले बगळे उडाले. भुजंग हसायला लागला. काकाही हसले. बंदुकीला काही झालं नव्हतं. त्यांनी नळीवरून, दस्त्यावरून हात फिरवला, घोडा चढवून उतरवून पाहिला. लाकूड सोडून पुन्हा रॉकेल भरायचं म्हणजे नळी टांगून ठेवायला हवी, आणि जीप निघायची वेळ झाली होती. कौसल्या लहान लेकरू घेऊन घरी वाट बघत होती. काका बंदुकीवर थाप मारून भुजंगला म्हणाले, "हिनं एवढं सोसलं, तर तुमची दारू म्हणजे हिला कायच न्हाई." आणि दारू मोजायचं पितळी माप त्याच्या खिशात घालून त्याला जीपमध्ये बसवून दिलं.

ती बंदूक पावसाळाभर चांगली चालली. कौसल्या नागपंचमीला आली तेव्हा सांगत होती, की डुकरं आता रानाकडे फिरकत नाहीत. त्या दिवशी काकांनी दुर्गाला खांद्यावर घेऊन सगळं मस्तगड फिरवलं.

दसऱ्याच्या आधी, भुईमूग काढायला आला असताना, एके दिवशी पहाटे कळप आला. भुजंग आणि तातेराव दोघं रानात होते. तातेराव सांगायचे ते असं. फटफटलं होतं, माणूस ओळखू येत होता. पोराने माप भरून दारू घातली, ठासली, टोपी बसवली, नेम धरला. आवाज नेहमीसारखा आला नाही. पत्रा फाटल्यासारखा आला. मग धूर, आणि धुरात पोरगा उभाच. ओरडलासुद्धा नाही. आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, आणि तिथे हात नव्हता.

त्याला जीपने जालन्याला आणलं, तिथून औरंगाबादला घाटी दवाखान्यात. मनगटाच्या वरून हात काढावा लागला. डाव्या डोळ्याने नंतर अंधुक दिसायचं. आम्ही पोचलो तेव्हा कौसल्या वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दुर्गा. काकांना बघून ती उठली. रडली नाही. म्हणाली,

"दादा, तुम्ही तपासली व्हती ना?"

"हो," काका म्हणाले.

"मंग काय झालं असंल?"



जाफराबादच्या ठाण्यात फुटलेली नळी पंचनाम्यासाठी ठेवली होती. काका आणि अण्णासाहेब ती बघायला गेले. परत आल्यावर काका ओट्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत. काकूने विचारलं तेव्हा त्यांनी तिला आणि मला सांगितलं. फाटलेल्या लोखंडाची कड बहुतेक ठिकाणी नवी, चमकती होती. पण बुडाजवळ, जिथे वरून लाकूड असतं, तिथे बोटभर जागेत ती काळी होती. काळी म्हणजे तिथे दारूचा धूर आधीच शिरत होता. फट जुनी होती.

"पर तुम्ही तर रॉकेल भरून बघितलं व्हतं," काकू म्हणाली.

"तवा न्हवती." काका दोन्ही तळहातांकडे बघत होते. "लोखंडाच्या पोटात कायतरी कच्चं असंल. ते आपलं झोपून व्हतं. मी जास्त दारू भरून त्याला उठवलं. फट मी पाडली, केशर. आन पाडून बघितली न्हाई."

ठाण्यात कुणाला एवढं कळलं नव्हतं. अण्णासाहेब दुसऱ्या दिवशी घरी आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "रखमाजी, गिऱ्हाइकानं दारू जास्त भरली असं लिहून देऊ. असं होतच राह्यतं. तुमचाबी इषय नको, दुकानाचाबी नको. भुजंगरावावर कुणी खटला भरनार न्हाई, फार तर परवाना जाईल. नाहीतरी आता त्याला बंदूक काय करायची?"

काका म्हणाले, "त्यानं माप भरूनच घातली व्हती."

"तुम्ही काय बघायला व्हते का तिथं?"

"माप मी दिलं व्हतं."

"रखमाजी, तुमचाच जावई हाये. तुम्ही असं सांगून काय मिळवनार?"

काकांनी ऐकलं नाही. ठाण्यात जाऊन जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. मग टेंभुर्णीला गेले. केशरकाकूने मला सोबत पाठवलं, त्यांचं जेवणखाण सुटलं होतं म्हणून.

भुजंग घाटीतून घरी आला होता. बाजेवर बसून दुर्गाला एका हाताने खेळवत होता. तातेराव दारात होते. काका आत आले, खाली जमिनीवर बसले, आणि सगळं सांगितलं. खदानीतला शेवटचा बार, जास्तीची दारू, न सोडलेलं लाकूड, काळी कड. एक शब्द कमी केला नाही.

तातेराव दारातून आत आले. मग म्हणाले, "इवाई, खरं बोललात. पर खरं बोलून माझ्या पोराचा हात येतो का?"

भुजंग म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. मामानं काय जाणून केलं का."

कौसल्या चुलीपाशी होती. ती बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं.

"दादा, आजवर लोकायच्या किती बंदुका पाठवल्या तुम्ही. एक तरी फुटली का?"

"न्हाई."

"मंग आमचीच कशी फुटली?"

"घरची व्हती, कौशे. म्हणून जास्त तपासली."

मी तिचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता.

"लोकायच्यासारखी तपासली असती तर भागलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही आमाला लोकायसारखं का न्हाई समजलं?"

मग ती आत गेली. आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. भुजंग फाट्यापर्यंत पोचवायला आला. काका त्याच्या बाजूने चालले नाहीत, मागे मागे चालले.

त्यानंतर काकांनी एक काम काढलं. त्याच पेटीतल्या बाकीच्या बंदुका कुठल्या गावांत गेल्या, ते त्यांना पाठ होतं. एसटीने, जीपने, जिथे काही नाही तिथे पायी ते त्या गावांत गेले. लोक ओळखायचे, चहा द्यायचे. काका म्हणायचे, "मला फक्त एकदा नळी बघू द्या." बरोबर रॉकेलची बाटली आणि खडू असायचा. पुंजाराम नावाच्या एका शेतकऱ्याने तर चेष्टा केली, "रखमाजी, एका जावयाची फुटली म्हणून साऱ्या तालुक्याच्या बंदुका सोडता का?" पण त्यानेही शेवटी दिली.

सगळ्या चांगल्या निघाल्या. एकीतही फट नव्हती.

मला वाटलं होतं, यातून त्यांना थोडं बरं वाटेल. शेवटची बंदूक बघून ते घरी आले तेव्हा काकूने विचारलं, "निघाली का कुठली?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एखादी तरी वाईट निघाली असती तर दोष कारखान्याचा म्हणता आला असता. आता दोष एका खदानीतल्या एका दुपारचा उरला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुकानावरही गेले नाहीत. अण्णासाहेब दोनदा बोलवायला आले. काकांनी एवढंच सांगितलं, "आता माझा मलाच भरोसा न्हाई." पुढे त्यांनी एका जिनिंगमध्ये राखणदारी धरली. कापसाच्या गंजीपाशी कुणी विडी ओढत नाही ना, ते बघायचं. म्हातारे होईपर्यंत तेच केलं.

तिकडे टेंभुर्णीत वेगळंच काही झालं. ते मला भुजंगनेच सांगितलं. त्याच हिवाळ्यात एका गावाहून डोळे भरायचं बोलावणं आलं, त्यांना झालेलं माहीत नव्हतं. भुजंग नाही म्हणायला निघाला होता. कौसल्या म्हणाली, "चाकू तुमचा, रोप मी धरते." पहिल्या वर्षी बहुतेक डोळे वाळले. तिचा हात हलायचा, आणि त्याचा अंदाज अंधुक डोळ्यामुळे चुकायचा. रोपांच्या ओळीत दोघं वाकून बसायची आणि एकमेकांवर चिडायची. दुसऱ्या वर्षी निम्मे जगले. मग हळूहळू लोक त्या दोघांना मिळून बोलवायला लागले. मी एकदा बघितलं आहे. बोलायची गरजच उरली नव्हती. तिने रोप किती वळवायचं ते त्याच्या श्वासावरून कळत असावं.

बापाशी मात्र ती बोलली नाही. भांडली नाही, माहेर तोडलंही नाही. काकू वर्षातून दोनदा टेंभुर्णीला जायची, आणि काका तिच्याबरोबर एसटीने फाट्यापर्यंत जायचे. काकू गावात जायची, ते फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून राहायचे. संध्याकाळी काकू परत आली की विचारायचे, "दुर्गी कितवीत गेली? कौशी बारीक झाली का? पाहुण्याचा डोळा कसा हाये?" काकू सांगायची. ते ऐकत ऐकत जालन्यापर्यंत यायचे.

भुजंगला हे कळल्यावर तो एकदा फाट्यावर आला. काकांशेजारी बसला, चहा मागवला.

"मामा, चला घरी."

काकांनी विचारलं, "ती म्हणली का?"

भुजंगला खोटं बोलता येत नव्हतं. "न्हाई," तो म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ द्या. तिच्या मनानं होऊ द्या."

भुजंगने ते घरी सांगितलं. कौसल्येने ऐकलं आणि दुर्गाची वेणी घालत राहिली. तिने मला पुढे एकदा म्हटलं होतं, "बेबे, मला दादाचा राग न्हाई. राग असता तर कवाच भांडून मोकळी झाले असते. त्यायला बघितलं की मला ह्यांचा हात दिसतो. आन ह्यांचा हात बघितला की मला दादा दिसतो. मी काय करू?"

हे मी काकांना सांगायला हवं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, की आणखी लागलं असतं? तिने ते मला सांगितलं होतं, त्यांना नाही. मी ते माझ्यापाशीच ठेवलं.

काका दोन हजार एकच्या हिवाळ्यात आजारी पडले. कापसाची धूळ छातीत बसली होती. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. मी तेव्हा जालन्यातच शिक्षिका होते, रोज जायचे. काकूने निरोप पाठवला आणि कौसल्या आली.

ती आली, पदर खोचला आणि कामाला लागली. त्यांना पुसून घेतलं, अंथरूण बदललं, नखं काढली, दाढी करायला न्हावी बोलावला. तीन दिवस राहिली. मी दोघांना बोलताना ऐकलं. विहिरीचं पाणी कुठवर गेलं, मोसंबीला भाव काय, दुर्गाला स्थळ बघायचं की शिकवायचं. "शिकव," काका म्हणाले. "शिकवू," ती म्हणाली. एवढं बोलायलाही त्यांना धाप लागायची. मधेच थांबून ते तिच्या तोंडाकडे बघायचे. काहीतरी यायची वाट बघितल्यासारखे. ती उठून काहीतरी करायला जायची.

डोळे भरायचे दिवस होते. एका बागेत सगळी रोपं तयार होऊन बसली होती आणि भुजंगला तिच्याशिवाय करता येत नव्हतं. निघताना ती काकांच्या उशाशी वाकली. "दादा, सोमवारी येते. तेवढं काम उरकून. मंग इथंच ऱ्हाते, काय?"

काकांनी तिचा हात धरला. तिची बोटं एकेक करून दाबून बघितली, सगळी आहेत ना ते बघावं तशी. मग सोडली.

"जा," म्हणाले, "जीप चुकंल."

रविवारी दुपारी ते गेले. काकू भाकरी करत होती, मी शेजारीच होते. त्रास झाला नाही.

कौसल्या आणि भुजंग संध्याकाळी पोचले. रोपं सोडून तसेच आले होते. तिच्या हाताला सालीचा चीक होता, नखांत माती होती. ती रडली, बायका रडतात तशी मोठ्याने रडली. नंतर सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली.

"सोमवारी सांगणार व्हते मी," ती म्हणाली.

"काय?"

तिने ओट्याकडे बघितलं. भुजंग ओट्यावर बसला होता, बाकीचे पुरुष काय बोलत होते ते ऐकत होता.

"म्हाईत न्हाई गं," ती म्हणाली. "येता येता जीपमधी इचार करणार व्हते. कसं म्हणायचं ते."